दत्तात्रेयांचं हसू

रोह्यात कुणालाही विचारा, सगुणाबाईंसारखी बाई शोधून सापडायची नाही असंच सांगेल. नवऱ्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, त्याला दोन वर्षं झाली. पण दत्तात्रेयांच्या पाठीवर एक फोड नाही की बिछान्याला वास नाही. मदतीला सरू होती, कासूवरून सकाळच्या गाडीने यायची, तरी भरवणं, औषधं सगळं बाईंच्या हातचं. खोटं कशाला बोला, सेवेत काडीची कसूर नव्हती. पण सेवा वेगळी आणि माया वेगळी. मायेच्या नावाने त्या घरात चाळीस वर्षं बोंब होती.

सगुणा मूळची पेणची. वडील नाथाभाऊ फोटोग्राफर, बाजारात त्यांचा छोटा स्टुडिओ. परक्या पुरुषासमोर नवरी मान वर करत नाही, म्हणून लग्नघरी ते लेकीलाच आत पाठवायचे. सतराव्या वर्षी पोरीचा हात असा बसला होता की लोक फोटो बघून विचारायचे, "भाऊ, तुम्ही काढलात?" आणि भाऊ छाती फुगवून सांगायचे, "नाय, आमच्या सगुणीनं." लग्नात बापाने चार दागिन्यांबरोबर तिचा कॅमेराही दिला.

पहिल्याच गौरीला तिने आळीतल्या बायकांचे फुगड्या घालतानाचे फोटो काढले. दत्तात्रेय कामावरून आले. त्यांना कुणी काही बोललं होतं की त्यांचं त्यांनाच खुपलं, देव जाणे. साऱ्या बायकांसमोर त्यांनी कॅमेरा उघडला, आतला रोल ओढून काढला, उन्हात हातभर उलगडला आणि म्हणाले, "घे तुझे फोटो." सासू हसली, जावा हसल्या. कॅमेरा दिराच्या पोरांना खेळायला गेला. सगुणाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत आणि पुढे बेचाळीस वर्षं बोलल्या नाहीत.

मग बापाचं आजारपण काढायला लेक जगन मस्कतहून आला आणि जाताना आपला कॅमेरा इथेच कपाटात ठेवून गेला. एक दिवस बाईंनी तो सहज म्हणून डोळ्याला लावला, आणि झालं! चौसष्टाव्या वर्षी बाई खुळावली म्हणा. दुपारी सरू नवऱ्यापाशी बसली की या निघाल्या. कुंडलिकेचा काठ, गडब गावची खाचरं, पेणला पापड वाळत घालणाऱ्या बायका. एरवी जिना चढताना देवाचं नाव घ्यायच्या, पण कॅमेरा हातात असला की बांधावरून चालताना गुडघ्याची आठवण नाही.

अशात पेणच्या एका मंडळाने फोटोंची स्पर्धा लावली. विषय 'आनंद'. ती बाईंना जिंकायचीच होती, बापाच्या गावात, बापाच्या नावासकट. मंडळाच्या माणसाने त्यांचे फोटो चाळले आणि म्हणाला, "हात चांगला आहे, आजी. पण यात जीव नाही. माणसाचा चेहरा आणा एखादा." बाईंना रात्रभर झोप लागली नाही.

चेहरा तर घरातच होता. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, बरोबर दत्तात्रेयांच्या गालावर. पण कॅमेरा दिसला की ते डोळे घट्ट मिटायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. शिरा करून झाला, रेडिओ लावून झाला, जुनी गंमत सांगून झाली. माणूस हसेना.

फोटो द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. बाईंनी खुर्ची ओढली, कॅमेरा मांडीवर पदराखाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, जगन येतोय. सुट्टी मिळाली त्याला. आठवड्याभरात पोचेल."

धादांत खोटं. पंधरा दिवसांत जगनचा साधा फोन नव्हता.

आणि काय सांगू, माणूस हसला. वाकडं तोंड वाकडंच राहिलं, पण डोळे हसले, कपाळ हसलं, तो मेलेला गालसुद्धा हलल्यासारखा वाटला. डावा हात उठला आणि बायकोकडे आला. बाईंनी तो धरला नाही, त्यांचे दोन्ही हात कामात होते.

पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो छापून आला, खाली बाईंचं नाव आलं, त्याला जोडून बापाचं, नाथाभाऊंचंही आलं. आळीतल्या बायका ओवाळायच्या तेवढ्या राहिल्या.

इकडे दत्तात्रेय रोज पहाटेपासून जागे. सरू आली की आधी दाढीच्या सामानाकडे बोट दाखवायचे, मग पांढऱ्या सदऱ्याकडे. दाढी झाली, सदरा चढला की तोंड दाराकडे. बाहेर रिक्षा थांबली की मान उचलायचे, आणि रिक्षा निघून गेली तरी बराच वेळ उचललेलीच ठेवायचे. नवव्या दिवशी सरूने विचारलं, "काकू, दादा येनार हाय ना खरंच?"

बाई भाजी निवडत राहिल्या. सरू काय समजायचं ते समजली.

"काकू, असं वैऱ्याला पन करू नये. आजच्या आज दादांना फोन लावा. बोलवा त्यांना."

"लावते," बाई म्हणाल्या. आणि खरंच लावणार होत्या, त्यांनाही ते रोजचं दाढी करणं बघवत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला तो जगनचाच.

"आई, तू काढलास हा फोटो? अगं, काय काढलायस! इथे सगळ्यांना दाखवला मी."

या घरातल्या माणसाने त्यांच्या फोटोला चांगलं म्हटलं, ते आज पहिल्यांदा.

"आणि ऐक," जगन म्हणाला, "मी येतच होतो. शुक्रवारचं तिकीट आहे. न सांगता यायचं ठरवलं होतं, बाबांची फार काळजी लागली होती. पण हा फोटो बघितला आणि जीव भांड्यात पडला. इतके खुशीत आहेत! इथे एकाची आई अत्यवस्थ आहे, माझी सुट्टी त्याला देतो आणि मी दिवाळीला येतो. पण तू खरं सांग, बरे आहेत ना ते?"

ये रे बाबा, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की तो विचारणार, मग फोटोत खुशीत कसे? ते हसू कुठून आणलं हे सांगावं लागणार, आणि मग कसला फोटो नि कसलं काय.

"फोटोत दिसतात तसेच आहेत," बाई म्हणाल्या. "दिवाळीला ये सावकाश."

फोन ठेवला तर सरू समोरच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. "मी नाय सांगनार त्यांना," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

"मीच सांगते."

आत दत्तात्रेय वाट बघत होते. फोनवर लेकाचं नाव त्यांनी ऐकलं असणार, कारण तोंडभर उजेड होता आणि डावा हात सदऱ्याची बटणं चाचपत होता. बाई दारात थांबल्या. दोन वर्षं ज्या चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटत नव्हतं, त्याच्यावर आता काय उमटणार हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्या मागे फिरल्या, कपाटातून कॅमेरा आणला, खाटेसमोर बसून डोळ्याला लावला, आज दत्तात्रेयांनी डोळे मिटले नाहीत, आणि हात अगदी स्थिर झाल्यावर म्हणाल्या,

"अहो, जगन येत नाही."