नवऱ्याचा शिक्का

देवदत्त रानडेच्या ऑफिसात कुणी कुणाला नाही म्हणत नसे. नाही म्हणायचं असलं की लोक खोल श्वास घेत, मान किंचित कलती करत आणि "विचार करतो" असं म्हणत. मग तो विचार इतका चाले की विषय आपल्या मरणाने मरे. पुण्याहून जपानात निशी-कसाईला येऊन देवदत्तला चार वर्षं झाली होती. जपानी भाषा त्याला आली नव्हती. ही पद्धत मात्र उत्तम आली होती.

दुसरी एक गोष्ट त्याला शेजारच्या टेबलावरच्या मोरी-सानने शिकवली. तिथे कागदावर सहीच्या जोडीला नावाचा शिक्का लागतो. साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का मारायचा तर सरळ मारायचा नाही, डावीकडे जरा कलता मारायचा. म्हणजे आपलं नाव साहेबाच्या नावापुढे वाकलेलं दिसतं. देवदत्तने हे घरी कधी सांगितलं नाही. इंजिनिअर माणसाने परदेशात येऊन वाकडा शिक्का मारायला शिकल्याचं बायकोला काय सांगायचं?

बायकोही इंजिनिअरच. "दोनच वर्षांचा प्रश्न आहे" या त्याच्या शब्दावर चारुता पुण्यातली नोकरी सोडून, कडेवर लेकीला, जुईला, घेऊन आली होती. स्टेशनजवळच्या बेकरीत पाव विकता विकता ती जपानी शिकली, आणि यंदा कोतोतल्या एका कंपनीने तिला एप्रिलपासून घ्यायचं कबूल केलं. त्याच आठवड्यात दुसरी बातमी कळली, दिवस गेल्याची.

"मला नकोय," ती म्हणाली.

"तुझा निर्णय," देवदत्त ताबडतोब म्हणाला. तो आधुनिक विचारांचा होता.

फुनाबोरीच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर आणि अत्यंत नम्र होते. ते बोलत होते देवदत्तकडे बघून. चारुता शेजारी बसून मराठी करून सांगत होती.

"कायद्याने नवऱ्याची संमती लागते म्हणतायत. सही आणि शिक्का."

"पुण्यात तुझी एकटीची सही चालली असती ना?"

"आपण पुण्यात नाही आहोत."

मग डॉक्टरांनी भूल, रक्तस्राव, धोके सगळं सविस्तर सांगितलं. स्वतःच्या पोटाची माहिती चारुता नवऱ्याला समजावून देत होती, कुठेही न अडखळता. बारा आठवडे उलटले तर कळा आणून, बाळंतपणासारखं करावं लागतं, हेही तिने त्याच सुरात सांगितलं.

"सगळं समजलं का, विचारतायत."

"तुला समजलं ना?"

"मला नाही विचारलेलं."

नर्सने लाल शाईचा पॅड पुढे सरकवला. देवदत्तने खिसे चाचपले, बॅग वरवर चाचपली.

"ऑफिसात राहिला वाटतं," तो म्हणाला.

शिक्का बॅगेच्या आतल्या कप्प्यात होता. बोटांना लागलासुद्धा होता. आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. त्याला मूल हवं होतं म्हणावं, तर तसंही खात्रीने सांगता येईना. त्याला फक्त कुणी विचारू नये असं वाटत होतं.

पुढे ऑफिसात रिलीज होतं. मग मोरी-सान आजारी पडला. चारुता रोज विचारी, "आणलास?" आणि देवदत्त कपाळावर हात मारी. या देशाच्या कायद्यात बाईने थांबून फेरविचार करायची मुदत घातलेली नव्हती. तेवढी उणीव देवदत्तने घरच्या घरी भरून काढली. रात्री तो तिच्या पाठीकडे बघत पडे आणि उद्या नक्की द्यायचा असं ठरवी. सकाळी बॅग उचलली की शिक्का आत खडखडे. तेव्हा त्याने तो रुमालात गुंडाळून ठेवला.

शनिवारी सकाळी पोस्टमन पार्सल घेऊन आला.

"बाबा, हांको!" जुई दारातून ओरडली. जपानात वाढणाऱ्या पोरांना दारावर पार्सल आलं की शिक्का लागतो हे चालायला लागण्याआधी कळतं.

देवदत्त पेपर वाचत होता. तो उठला, बॅगेतून रुमाल काढला, रुमालातून शिक्का काढला, पोस्टमनच्या कागदावर मारला, कमरेत वाकून आभार मानले आणि वळला. स्वयंपाकघराच्या दारात चारुता हात पुसत उभी होती.

तिने त्याच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं आणि खोकं उघडलं. पुण्याहून आईंनी मोरावळ्याची बरणी पाठवली होती. झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती, 'चारुताला सकाळी द्यावा, मळमळ थांबते.'

"आईंना कधी सांगितलंस?"

"फोनवर सहज विषय निघाला."

"सहज."

"तिनेच विचारलं, चारुता फोनवर का येत नाही."

"आणि शिक्का ऑफिसात."

देवदत्तने खोल श्वास घेतला. मान किंचित कलती झाली.

"विचार करतो म्हणू नकोस," चारुता म्हणाली. "ते तुझ्या मोरी-सानला सांग. अजून एक आठवडा गेला तर कळा मला येणारेत. तू बाहेर पेपर वाचत बसशील."

"अगं, मी नाही कुठे म्हणालो?"

"तेच तर. नाही म्हणाला असतास तर भांडले तरी असते तुझ्याशी. विसरणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? मी तर तुला रोज आठवण करून देत राहिले."

तिचा आवाज चढलेला नव्हता. जुई बरणीचं झाकण उघडायच्या खटपटीत होती.

सोमवारी दोघं दवाखान्यात गेले. अजून वेळ होता, थोडा. डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावायला घेतलं, तेव्हा देवदत्त आपल्या मोडक्या जपानीत म्हणाला, "कळलं. तिला सांगा." डॉक्टर गोंधळले. मग खुर्ची थोडी वळवून तिच्याशी बोलू लागले.

कागदावर दोन चौकोन होते. डावीकडच्यात चारुताची सही झाली. उजवीकडच्यात देवदत्तने सही केली आणि शिक्का टेकवला. हात आपोआप डावीकडे कलला.

"वाकडा मारलास," चारुता म्हणाली.

"हो."

"चालेल ना असा?" तिने नर्सला विचारलं.

नर्सने कागद उचलला, शिक्क्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग चारुताकडे पाहिलं आणि चालेल म्हणाली.

चारुताने पर्स देवदत्तच्या मांडीवर ठेवली आणि नर्सच्या मागोमाग आत गेली. वाकडा का मारला ते तिला सांगावं असं त्याला फार वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर तिला ते भिडलं असतं, कदाचित तिने माफही केलं असतं, आणि माफी मिळवण्यासाठी तरी तो शिक्का नव्हता.

समोरच्या रॅकमध्ये पेपर होता. त्याने तो घेतला नाही.