टॉम्बिग्बी ब्रदर्सचा सातवा भाऊ

टॉम्बिग्बी ब्रदर्स या बँडमधल्या सहाजणांपैकी एकही कुणाचा भाऊ नव्हता. त्यातले दोघे तर एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून एकमेकांशी बोलतही नव्हते. पण अलाबामात नदीच्या नावापुढे ‘ब्रदर्स’ लावलं की तिकिटं खपतात, हे गायक रॉयस डॅब्नीला विशीतच कळलं होतं, आणि त्यानंतर नवं काही कळून घ्यायची गरज त्याला कधी भासली नाही.

बास गिटार वाजवणारा व्हर्लन स्टब्ज आता सहासष्ट वर्षांचा होता. बँडच्या फोटोत तो कायम कडेला असायचा. जागा कमी पडली की छापणारे कडा कापायचे आणि पहिला व्हर्लन जायचा. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. शेवटचा अल्बम निघून अकरा वर्षं झाली होती. मधल्या काळात बँडने जत्रा केल्या, कॅसिनो केले, एकदा ट्रॅक्टरच्या दुकानाच्या उद्घाटनालाही वाजवलं. लोक जुनी चार गाणी मागायचे, ती झाली की गाडीकडे निघायचे.

मग फेब्रुवारीत ट्युपेलोच्या अलीकडे दाट धुक्यात कोंबड्यांनी भरलेला एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडला होता. बँडची बस चालवणाऱ्या हॉलिस ग्रीअरला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने स्टिअरिंग असं फिरवलं, की सगळी धडक त्याच्या एकट्याच्या बाजूला बसली. हॉलिस जागच्या जागी गेला. रॉयसचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकीच्यांना खरचटलं. व्हर्लन हॉलिसच्या शेजारच्याच खुर्चीवर होता. त्याला चष्म्याची काच लागली, तेवढंच.

टॉम्बिग्बी ब्रदर्स मेले नाहीत ही बातमी देशभर पसरली, आणि ते जिवंत होते हे त्या निमित्ताने लोकांना आठवलं. जुनी गाणी पुन्हा वाजू लागली. महिन्याभरात नॅशव्हिलच्या एका कंपनीने त्यांना नव्या अल्बमसाठी बोलावलं, आणि टॅनर नावाच्या तिशीतल्या माणसाला त्यांच्यासोबत स्टुडिओत धाडलं. टॅनरचे बूट शेतकऱ्यासारखे होते, पण त्यांना माती कधी लागलेली नव्हती.

“तुमच्याकडे दुःख आहे,” तो पहिल्याच बैठकीत म्हणाला, “आणि ते फार सुंदर दुःख आहे. अडचण एकच. गेला तो ड्रायव्हर. वाजवणारं कुणी गेलं असतं तर—” इथे तो थांबला, कारण सहा वाजवणारे त्याच्याकडे बघत होते. “म्हणजे, देवाची कृपाच म्हणायची! मी एवढंच म्हणतोय, की हॉलिसला जरा जवळ आणू या. सातवा भाऊ म्हणून.”

“एकतीस वर्षं बस चालवली त्याने,” ड्रमवाला म्हणाला. “आणखी किती जवळ आणायचा?”

रॉयसने चार दिवसांत गाणं लिहिलं: ‘चालत राहा, ब्रदर हॉलिस’. त्यात हॉलिसच्या एका हातात व्हिस्कीची बाटली होती, डोक्यावर काळी हॅट होती, मागे सैतान लागला होता आणि रस्ता हेच त्याचं घर होतं. मधे गिटारचा नऊ मिनिटांचा तुकडा होता. टॅनर ऐकताना रडला. मग डोळे पुसून म्हणाला, की हॉलिसचं नाव आणि फोटो वापरायचा तर त्याच्या बायकोची सही लागेल. तिचं घर कुणाला माहीत आहे?

कुणालाच नव्हतं. एकदा बस बंद पडली तेव्हा व्हर्लनने हॉलिसला घरी सोडलं होतं, म्हणून व्हर्लनला पाठवलं.

डेमोपोलिस गावाबाहेर, पिकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, दोन झाडांमागे ते छोटं पांढरं घर होतं. ओझेला ग्रीअरने दार उघडलं, व्हर्लनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “वाळलात. आत या.” कामाचं बोलायच्या आधी तिने त्याला बटरबीन्स, भाजलेली कोंबडी आणि वर केकचा जाड तुकडा खायला लावला. मग हात पुसत समोर बसली.

“वाजवा काय आणलंय ते.”

व्हर्लनने फोनवर गाणं लावलं. तिने पूर्ण ऐकलं. नऊ मिनिटांच्या गिटारमध्ये उठून भांडी घासून आली आणि परत बसली.

“कोण हा माणूस?” तिने विचारलं.

“हॉलिस, मिस ओझेला,” व्हर्लन दक्षिणेकडच्या अदबीच्या रीतीने म्हणाला.

“कुठला हॉलिस?”

“आपला हॉलिस.”

“आपला हॉलिस माउंट निबो चर्चच्या कारभारातला डीकन होता. बावीस वर्षं. खोकल्याच्या औषधालासुद्धा दारूचा वास आला तर परत ठेवायचा. आणि हॅट कसली? बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली टोपी होती एक, तीही मी दोनदा फेकली. आणि हे काय, रस्ता हेच घर? मग या ओट्याच्या फरशा कुणी बसवल्या, सैतानाने?”

“गाण्यात जरा तसं असतं,” व्हर्लन चाचरत म्हणाला.

“कसं?”

व्हर्लनने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

“तुमच्या गाण्यांबद्दल तो काय म्हणायचा, सांगू?” तिने विचारलं. “नकोच. तुमचं जेवण पचू दे.”

“सांगा, मॅम.”

“तुम्ही वाजवायला चढलात की तो कानात कापूस घालायचा. म्हणायचा, माणसं वाईट नाहीत गं, पण थांबायचं कधी ते त्यांना कळत नाही. ते मोठं गाणं आहे ना तुमचं शेवटचं? ते सुरू झालं की सँडविच खायचा, डुलकी काढायचा, उठायचा. तरी चालूच.”

व्हर्लन हसला. त्या गाण्यात तो स्वतः एकच सूर बारा मिनिटं वाजवायचा. पण ओझेला हसत नव्हती.

“आणि त्या झेंड्याचं काही नाही वाटतं गाण्यात?”

व्हर्लनचं हसू विरलं. हॉलिस आल्यानंतरची पहिली एकोणीस वर्षंसुद्धा ड्रमच्या मागे अमेरिकेच्या यादवीतल्या दक्षिणेच्या बंडखोर फौजेचा मोठा झेंडा लागायचा. मग एका वर्षी लोक ओरडू लागले, तेव्हा रॉयसने तो गुपचूप काढून टाकला आणि आमचा त्याच्याशी कधी संबंधच नव्हता असं मुलाखतीत सांगितलं. बँडमधले सगळे गोरे होते. हॉलिस एकटा काळा होता.

“त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही,” व्हर्लन म्हणाला.

“नाही बोलला. पण सामान चढवायला तो तुम्हाला मदत करायचा की नाही?”

“रोज. नियमाने त्याचं काम नसताना.”

“सगळं सामान?”

व्हर्लनने आठवून पाहिलं. सगळं. फक्त झेंड्याची लांबट पेटी सोडून. ती व्हर्लनच उचलायचा. “ती पेटी उचलायला वाकावं लागायचं,” तो म्हणाला. “हॉलिसची पाठ दुखायची ना. म्हणून मीच—”

“बाळा,” ओझेला शांतपणे म्हणाली, “त्याची पाठ ठणठणीत होती.”

व्हर्लन ताटलीतला केकचा चुरा बोटाने गोळा करू लागला. ज्या फौजेने हॉलिसच्या पणजोबांना गुलाम ठेवण्यासाठी लढाई केली, तिचा झेंडा त्या पेटीत असायचा, आणि एकोणीस वर्षं व्हर्लन रोज ती पेटी उचलून हॉलिसला म्हणत आला होता, “राहू दे, तुझी पाठ सांभाळ.” आणि हॉलिस म्हणायचा, “आभारी आहे, व्हर्लन.”

“खरं लिहा,” ओझेला दारापर्यंत येत म्हणाली. “मग कुठे सही करायची ते सांगा.”

व्हर्लनने आयुष्यात गाणं लिहिलं नव्हतं. परत जाताना पेट्रोल पंपावर गाडी लावून त्याने चार कडवी लिहिली. बसमध्ये चढताना सगळ्यांना बूट काढायला लावणारा माणूस. कानातला कापूस. ओट्याच्या फरशा. चौथ्यात ती पेटी. सगळं मिळून अडीच मिनिटं.

स्टुडिओत त्याने ते खर्जातल्या आवाजात म्हणून दाखवलं. 

“कापूस चालेल,” टॅनर म्हणाला. “कापूस तर फारच छान. मावळता सूर्य, पांढरं शेत...”

“कानातला कापूस,” व्हर्लन म्हणाला.

“तेच म्हणतोय. शेतात नेता येईल का तो?”

“लोक कानात कापूस घालायचे असं आम्हीच आमच्या अल्बममध्ये सांगायचं?” रॉयसचा चेहरा लाल झाला. “आणि ती पेटी! तेव्हा तो झेंडा बघायला यायचे तेच आजही टी-शर्ट घेतात. त्यांना काय तोंड दाखवू?”

“उलट ते पेटीचं कडवं म्हणजे हमखास पुरस्कार आहे,” टॅनर म्हणाला. “फक्त त्यात आपण चांगले दिसायला हवेत. म्हणजे, पेटी तुम्ही सगळ्यांनी मिळून नदीत फेकली, असं काही—”

“फेकली नाही,” व्हर्लन म्हणाला. “रॉयसच्या गॅरेजमध्ये आहे.”

“ती वेगळी पेटी आहे,” रॉयस म्हणाला.

वाद दोन दिवस चालला. एकमेकांशी न बोलणारे दोघेही व्हर्लनच्या विरोधात एकत्र आले, आणि सत्तावीस वर्षांनी त्यांनी हात मिळवले; टॅनरने त्या हस्तांदोलनाचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी टॅनर सकाळी शीळ घालतच आला. कंपनीच्या वकिलाने तोड काढली होती. नाव बदललं, फोटो वगळला, तर सहीची गरजच नाही. रॉयसने जुनंच गाणं पुन्हा गायलं. हॉलिसच्या जागी डॅलस आला. बाटली, हॅट, सैतान, सगळं तसंच राहिलं, आणि मोकळीक मिळाल्यामुळे डॅलसला एक सोडून गेलेली प्रेयसीही देण्यात आली.

व्हर्लनने त्यावर बास वाजवला. नको म्हणायला हवं होतं, हे त्याला वाजवतानाच कळत होतं. पण पन्नास वर्षांची सवय. रॉयसने मान हलवली की बोटं सुरू व्हायची.

अल्बम सप्टेंबरमध्ये आला आणि धो धो चालला. लोक ट्युपेलोजवळच्या अपघाताच्या जागी जाऊन डॅलससाठी व्हिस्कीच्या बाटल्या ठेवू लागले. एका बाईने टीव्हीवर सांगितलं, की ती सोडून गेलेली प्रेयसी आपणच. प्रत्येक कार्यक्रमात गाणं संपताना रॉयसच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते खरं असायचं; आपण घडवलेल्या माणसावर त्याचा फार जीव जडला होता.

बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाआधी एका पत्रकार मुलीने चुकून व्हर्लनसमोर माइक धरला. “डॅलसची सगळ्यात जास्त आठवण कधी येते?”

“डॅलस नावाचा कुणी नव्हताच,” व्हर्लन म्हणाला. “ड्रायव्हरचं नाव हॉलिस ग्रीअर. तो डीकन होता. दारू पीत नव्हता.”

मुलगी गोंधळली. टॅनर कुठूनसा प्रकट झाला आणि त्याने व्हर्लनच्या खांद्यावर हात टाकला. “अजून सावरलेला नाही तो,” टॅनर हलक्या आवाजात म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेपरात व्हर्लनचा फोटो होता, पहिल्यांदाच मधोमध, आणि खाली मथळा: ‘दुःख इतकं खोल, की डॅलस होता हेच मानायला बासवादक तयार नाही’. चाहत्यांची पत्रं आली. एकाने तर मन शांत करण्याच्या व्यायामांचं पुस्तक पाठवलं.

त्या रविवारी दुपारी व्हर्लन पुन्हा डेमोपोलिसला गेला. ओझेला नुकतीच चर्चमधून आली होती, डोक्यावरची जांभळी टोपी अजून काढायची होती. त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आपण बास वाजवला हेही नाही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“बरं झालं,” ती डोळे टिपत म्हणाली. “म्हणजे आमचा हॉलिस आमच्याकडेच राहिला. त्या डॅलसला पिऊ दे हवी तेवढी.”

“मी त्यांना सांगून टाकलंय, मिस ओझेला. पुढच्या दौऱ्याला मी नाही.”

“मग काय करणार?”

“माहीत नाही.”

तिने त्याच्यापुढे गोड गार चहाचा ग्लास ठेवला. मग टोपी काढून मांडीवर घेतली.

“मला एक सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही पुढे त्याच्या शेजारी बसायचा. तेवढ्या वेळात बोलायचात काय?”

“असंच. भोपळ्याच्या वेलाला कीड लागली तर काय करायचं. तुमचं आणि त्याचं भांडण झालं असेल तर चूक कुणाची.”

“कुणाची असायची?”

“बहुतेक त्याचीच. तो कबूल करायचा.”

“माझ्यापुढे नाही केली कधी!” ती म्हणाली. मग जरा अडखळून, “आणि त्या दिवशी? शेवटी?”

व्हर्लनने ग्लास खाली ठेवला. हे त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ना टॅनरने, ना पोलिसांनी, ना पत्रकार मुलीने.

“स्वयंपाकघराचं बोलत होता. म्हणाला, यंदा ते पिवळं रंगवायचं.”

“पिवळं?” ती खुर्चीत सरळ झाली. “अहो, मी चार वर्षं पिवळ्याच्या मागे लागले होते. मला म्हणायचा, पांढरंच बरं!”

“तुम्हाला आधी सांगायचं नव्हतं. ईस्टरच्या आत तुम्ही बहिणीकडे जाल, तेव्हा उरकून टाकणार होता.”

ओझेलाने भिंतीकडे पाहिलं. तिचा हात टोपीच्या कडेवरून फिरत राहिला.

“पिवळं म्हणजे कसं?” तिने विचारलं. “लिंबासारखं?”

व्हर्लनने नीट आठवलं. आता चुकून चालणार नव्हतं.

“नाही. मक्याच्या ब्रेडसारखं. आतून असतो ना, तसं.”

 मग तिने खुर्ची पुढे ओढली, त्याचा अर्धा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला आणि म्हणाली, “आणखी काय म्हणाला? सुरुवातीपासून सांगा. गाळू नका काही.”

व्हर्लन सांगू लागला. पाच मिनिटांत तिने त्याला पहिल्यांदा अडवलं: भोपळे नव्हते ते, काकड्या होत्या.