व्याह्यांना दिलेला साचा

आमच्या पहिल्या दिवाळसणाला व्याह्यांना शेला नाही, चांदीची वाटी नाही, बंदुकीच्या गोळ्या ओतायचा साचा दिला गेला. हे ऐकून पुण्याची माझी बहीण अजून फोनवर दोन मिनिटं हसते. हसू दे. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं.

जूनमध्ये आमच्या आश्लेषाचं बेनशी लग्न झालं. उल्हासला ते पसंत नव्हतं. हॉलमध्ये बेनचे वडील, डेल, हात पुढे करून त्याच्याकडे आले, तेव्हा माझ्या नवऱ्याने खिशातून फोन काढला आणि कुणाचाही कॉल नसताना "हॅलो, हॅलो" करत निघून गेला. डेलचा हात तसाच राहिला. आश्लेषाने ते पाहिलं. तेव्हापासून ती बापाशी कामापुरतं बोलायची, तेही इंग्रजीत. बाबाचा 'डॅड' झाला. आपलं चुकलं हे उल्हासला आठवड्याभरात कळलं होतं, पण तसं म्हणेल तर तो उल्हास कसला!

दिवाळी जवळ आली तसा तो म्हणाला, "व्याह्यांचा मान राहिलाय." मी ओळखलं, स्वारी वाटेवर येतेय.

डेल आमच्या ट्रॉय शहरापासून गाडीने तीन तासांवर, ग्रेलिंग गावाजवळ एकटे राहतात. दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातात आणि त्यासाठीच्या गोळ्या घरी, शिसं वितळवून स्वतः ओततात. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि त्यांच्या वडिलांच्या वेळचा साचा गंजून गेला, हे आश्लेषाने मला सांगितलं होतं. गाड्यांच्या भागांसाठी साचे डिझाइन करण्यात उल्हासने तीस वर्षं घालवली. त्याचे डोळेच चमकले.

"अरे, पण कुठली बंदूक, कसली गोळी, एकदा विचार ना त्यांना," मी म्हटलं.

"मानाचं विचारून देतात का, शोभना? तुझ्या बाबांनी मला अंगठीचं माप विचारलं होतं?"

"नाही. म्हणूनच ती तू करंगळीत घालतोस."

गोळी 'तीस' मापाची, एवढं आश्लेषाकडून कळलं होतं. तेवढ्या शिदोरीवर आम्ही शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "रायफल कुठली, सर?" उल्हास दोन्ही वेळा म्हणाला, "इट्स अ गिफ्ट. बेस्ट क्वालिटी दाखवा." मग त्याने खिशातून भिंग काढलं. तासभर तो साचे उघडत होता, मिटत होता, दोन अर्धे कसे जुळतात ते उजेडात धरून बघत होता. बोथट नाकाच्या गोळीचा एक होता, तो त्याने बाजूला सारला. "काम अर्धवट टाकल्यासारखं वाटतं." शेवटी टोकदार गोळीचा पसंत पडला. "बघ, काय फिनिश आहे यार!"

"मोदकाचा साचा घेताना मी एवढं बघत नाही," मी म्हटलं, "आणि मोदक तरी खायचे असतात."

दिवाळीला डेल टाय लावून आले. तीन चकल्या खाल्ल्या, चौथी रुमालात गुंडाळून घेतली. डबा उघडून साचा हातात घेतला, आतल्या टोकदार खाचेवरून दोनदा अंगठा फिरवला. मग उल्हासकडे बघून म्हणाले, "सुंदर काम आहे. थँक यू." उल्हास पुढचे आठ दिवस घरात छाती काढून फिरत होता.

थँक्सगिव्हिंगला आम्ही ग्रेलिंगला गेलो. डेलचा फ्रीझर या दिवसांत हरणाच्या मटणाने भरलेला असतो असं बेन नेहमी सांगायचा. यंदा नुसती टर्की. मी काही हरीण खाणार नव्हते, पण यंदा का नाही ते विचारलं.

"मिस झालं, आई," आश्लेषा म्हणाली. "मोठा नर होता. पहिली गोळी चुकली, आणि दुसरी नव्हतीच."

"नव्हती म्हणजे?"

"या सीझनला डेल रोज एकच गोळी भरून जायचे. बेनने विचारलं तर म्हणाले, 'एकाच गोळीने माणूस सरळ राहतो.'"

उल्हास भिंतीवर टांगलेल्या डेलच्या रायफलीसमोर उभा होता. यंत्र दिसलं की ते वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही. नळीखाली आणखी एक बारीक नळी होती, तिच्यावरून त्याने बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"शोभना, ह्यात काडतुसं एकामागे एक आडवी राहतात. पुढच्याच्या बुडाला, जिथे ठिणगी पडते तिथेच, मागच्याचं टोक टेकतं. बार उडाला की धक्का बसतो, आणि टोक अणकुचीदार असलं तर नळीतच स्फोट व्हायचा. म्हणून इथे बोथटच गोळी लागते." त्याने बोट मागे घेतलं. "जिला मी अर्धवट म्हटलं होतं ना, ती. त्यांना डबा उघडला तेव्हाच कळलं असणार. माझ्या आहेरासाठी माणूस अख्खा सीझन एका गोळीवर हिंडला."

डेल गॅरेजमध्ये होते. उल्हास तिकडे गेला, मागोमाग मी. कुणीतरी जायला हवंच होतं. फळीवर साचा होता, तेल लावून स्वच्छ फडक्यात ठेवलेला.

"सांगितलं का नाही तुम्ही? मी बदलून आणला असता," उल्हास म्हणाला.

डेलने खांदे उडवले. "एक गोळी पुरायला हवी होती. नेम माझा चुकला."

"नाही, चुकलं माझं," उल्हास म्हणाला. "साच्याचंही चुकलं. आणि जूनमध्ये लग्नात जसं वागलो, तेही." मग त्याने हात पुढे केला.

डेलने आपला हात आधी पँटला पुसला आणि मग तो हात धरला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. अडतीस वर्षांच्या संसारात 'चुकलं' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तोही माझ्या वाट्याचा नव्हता. तरी मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

मागे दार वाजलं. आश्लेषा किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. नाक ओढत ती म्हणाली,

"बाबा, चल ना जेवायला. गार होतंय."