नजरचुकीने

राजदीप वकिलाचा पहिला फोन आला तेव्हा मी खोटं बोलले.

"मॅडम, इतवारी आठवते का? तुमच्या आश्रमशाळेतली. दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून सत्त्याण्णव आहे. तिची आई म्हणते, दोन वर्षं जास्तीची लागली."

"रजिस्टरात आहे तेच बरोबर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

इतवारी मला चांगली आठवत होती. एटापल्लीकडच्या त्या शाळेत मी बावीस वर्षं काढली. अजूनही पहाटे जाग आली की मुलींच्या केसांतल्या टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा वास येतो, रुळाच्या तुकड्याची घंटा ऐकू येते. निवृत्तीनंतर भद्रावतीला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहून मी त्या दिवसांच्या गोष्टी सांगते. ही एक कधी सांगितली नव्हती.

तेरा वर्षांची असताना दलमनं, नक्षलवाद्यांच्या पथकानं, इतवारीला गावातून नेलं. आधी गाणी म्हणायला, मग भात रांधायला, मग बंदूक वाहायला. पुढं तिनं आत्मसमर्पण केलं, शिवणकाम शिकली. पण एका चकमकीच्या खटल्यात नाव राहिलं. चकमकीच्या दिवशी ती दाखल्याप्रमाणे साडेअठराची होती, आईच्या म्हणण्याप्रमाणे साडेसोळाची. अल्पवयीन ठरली तर सुटायची आशा, नाहीतर तुरुंग. आणि गावानं तिला सांगून ठेवलं होतं, केस मिटू दे, मग आमच्या पंगतीत बस.

महिनाभरानं ती स्वतःच दारात उभी राहिली. गडचिरोलीहून दोन एसट्या बदलून आली होती.

"ओळखलं का बाई? लय थकल्या तुमी."

"तूही मोठी झालीस गं."

"मोठी तं तुमच्या रजिस्टरानंच केली मले," ती म्हणाली आणि मोकळं हसली. मला हसता आलं नाही.

चहा बशीत ओतून ती बोलत राहिली. "मले तं शाळेचा पह्यला दिवस बी आठवते. तुमी म्हनल्या, हात डोक्यावरून ने अन् पलीकडचा कान धर. धरला तं पह्यलीत. मी धरला! माय साऱ्या गावाले सांगे, माही पोरगी पास झाली. दलममधी कोनी अडाणी म्हनलं का मी बी हेच सांगो."

ती तो दिवस जपून होती. मी मात्र तो दडवून ठेवला होता.

मूल सहा वर्षांचं आहे की नाही, हे आम्ही तसंच ठरवत असू. कागद कुणाकडेच नसे. हात कानाला पोचला की सहा वर्षं, आणि तारीख सगळ्यांची एकच, एक जून. त्या वर्षी पहिलीला वीस मुलं हवी होती, एकोणीस भरली होती. नाहीतर तुकडी बंद. इतवारीच्या आईनं स्पष्ट सांगितलं होतं, हिचे चारच पावसाळे झालेत. मुलीचा हात टाळूपर्यंतच जात होता. मी तिची मान वाकवली, बोटं ओढून कानाला टेकवली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वय सहा पूर्ण.

"इतवारी," मी म्हणाले, "तुझा हात पोचला नव्हता. मी पोचवला."

तिनं बशी खाली ठेवली.

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग वकीलसायबाले काऊन नाई सांगितलं?"

भिंतीवर माझं आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र होतं. तिनंही तिकडं पाहिलं.

"लाज वाटली."

"मले नाई वाटत का बाई? गावच्या बाया पाह्यतात तवा वाटते ना. पन इचारलं का सांगतेच मी, काय काय केलं ते."

पुढच्या सोमवारी आम्ही गडचिरोलीला राजदीप वकिलाकडं गेलो. त्यानं माझं प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. "मुख्याध्यापिका असताना माझ्याकडून नजरचुकीने वयाची नोंद जास्त झाली."

"असंच लिहितात मॅडम. तुमच्यावर काही येणार नाही."

'नजरचुकीने' या शब्दावर मी आयुष्यभर किती अर्ज निभावले होते! क्षणभर मला तो फार बरा वाटला, हे कबूल करते. पेन हातात होतं.

"नजर चुकली असती, तर खरं वय मला कुठून ठाऊक असणार, असं कोर्ट विचारेल ना?" मी म्हणाले.

"विचारू शकतं."

मी तो शब्द खोडला. वर लिहिलं, "जाणूनबुजून". खाली तिच्या आईचे शब्द लिहिले, आणि मान वाकवल्याचंही.

इतवारीनं कागद मागून घेतला. ओळीखाली बोट धरून, मी शिकवलं होतं तसं, मोठ्यानं वाचू लागली. त्या शब्दाशी अडली.

"जाणूनबुजून म्हंजे?"

"माहीत असून."

तिनं पुढचं मनातच वाचलं. कागद वकिलाला दिला आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेली. स्टँडवर मी शोधलं, ती आधीच्या गाडीनं गेली होती.

कोर्टानं मला दोनदा बोलावलं. शाळा, तुकडी, कान, सगळं मी भर कोर्टात सांगितलं. चकमकीच्या दिवशी ती अल्पवयीन होती, हे मानलं गेलं. पुढं केसही मिटली.

चैत्रात तिच्या गावानं पंगत केली. तिच्या हातचा भात सगळ्यांनी खाल्ला, असं राजदीप वकिलानं फोनवर सांगितलं. त्याला बोलावणं होतं. मला नव्हतं. मी वाट पाहिली नव्हती असं म्हटलं, तर ते पुन्हा खोटं होईल.