उपाशी पोटी

आमच्या घरातून कुणी लांब निघालं, की आधी जियाओझी, सारण भरून उकडलेल्या पिठाच्या करंज्या, खाऊनच निघतं. एकदाच एक जण न खाता निघाला, माझा नवरा. खाणीत नवं काम लागलेलं, उशीर झाला म्हणून भरलं ताट सरकवून गेला. खाणीतून त्याचा फक्त जेवणाचा डबा वर आला.

मग नातीच्या ऑपरेशनला मी काय हात बांधून बसणार होते?

शाओमान चार वर्षांची. शी करताना तिचं आतडं बाहेर यायचं, लालभडक. तेल लावून मी ते आत सारायची. वर्षभर सारलं, मग जाईना. तांग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाला तीन बारीक भोकं पाडू, दुर्बिणीतून बघत आतडं वर ओढून शिवून टाकू. वर हेही म्हणाल्या, "पोरीला मांड्यांना धरून तास तास शीला बसवू नका." सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आतडं मीच ओढून काढलं! शीळ घालत, असं शीला धरूनच पोरं वाढवली आम्ही. तिचा नवराही.

"आई, यापुढे तुमचा एक जरी हट्ट दिसला, तर शाओमानला मी माझ्यासोबत शहरात नेईन," रुइफांग म्हणाली.

"ने की. तिथं तुझी फॅक्टरी भरवेल तिला."

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची ताकीद होती. सकाळी रुइफांग कागदावर सही करायला गेली, तशी मी कोटातला डबा काढला. मटण-गाजराच्या तीन जियाओझी.

"आजी, आईला सांगायचं नाही ना?"

"आधी तोंड पूस, भवाने."

ऑपरेशनच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"पाण्याचा थेंबही नाही," रुइफांग म्हणाली.

"छान. पोटात काही असलं, तर भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जातं. मग पोर हाती लागत नाही."

स्ट्रेचरची गाडी हलली. शाओमानला ढेकर आला. मटणाचा वास मला आला, आणखी कुणालाच नाही. ती माझ्याकडे बघून हसली. दार उघडलं. बोलले तर पोर शहरात जाणार, नाही बोलले तर...

"थांबा! तीन खाल्ल्यात तिनं. मी दिल्या."

गाडी थांबली. डॉक्टरांनी ती मागे वळवली, ऑपरेशन पुढे ढकललं.

"आई, तुम्ही घरी जा," एवढंच रुइफांग म्हणाली.

दुसरी तारीख गुरुवारची मिळाली. मला येऊ नका म्हणून सांगितलेलं. शाओमान उपाशीच गेली, आजोबांसारखी. तरी मी पीठ मळलं, सारण भरलं, वीस जियाओझी परातीत मांडल्या. पाणी उकळून उकळून आटलं. दहाला आत नेतो म्हणाले होते, बाराला बाहेर. दोन वाजले.

फोन वाजला तेव्हा माझे हात पिठानं माखलेले होते. मी ते पुसत राहिले. तो वाजत राहिला.