सात पिढ्या चढणारा क्लास

मित्रांनो, संगणकाच्या प्रोग्रॅममधला एक जुना क्लास आहे मी. क्लास म्हणजे साचा. माझ्यापासून माणसांच्या नोंदी घडवतात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक नोंदीत एक नाव आणि वडिलांची जागा. त्या जागेत वडिलांची नोंद, तिच्यात त्यांच्या वडिलांची. असा मी सात पिढ्या वर चढतो. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगतो.

डोंगरातल्या नारीन गावच्या शाळेतल्या साबिरबेक मास्तरांनी मला लिहिले. आमच्याकडे सात पिढ्यांत दोघांचा एकच पूर्वज निघाला, तर लग्न होत नाही. मास्तर एकेकाला समोर बसवून विचारत, "वाढवलं कुणी ते नंतर सांग. जन्म कुणी दिला?" कारण थोरल्या नातवाला आजोबा आपला मुलगा म्हणून वाढवतात. तो आजोबांना 'अता', म्हणजे बाबा म्हणतो आणि जन्मदात्याला 'बाइके', म्हणजे दादा.

"मास्तर, माझी मेंढरंही घाला की यात, त्यांच्याही सोयरिकी अडल्यात!" म्हातारे चेष्टा करत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग मास्तर वारले. गावाच्या जुन्या पिढ्यांसह मी एका पॅकेजमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या गाठोड्यात, पडून राहिलो. पुढे बिश्केक शहरातून आलेल्या एर्मेकने मला इम्पोर्ट केले, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये आणवले. एका ओळीच्या आज्ञेने मी आलो. मास्तरांचा प्रश्न मात्र आला नाही. तो माझ्यात कुठे लिहिलेलाच नव्हता.

एर्मेकच्या बहिणीचे, बुरुलचे, तालायशी लग्न ठरत होते. चहा झाला होता. तालायच्या शेजारी म्हातारे तोक्तोसून बसले होते.

"वडिलांचं नाव?" एर्मेकने विचारले.

"तोक्तोसून," तालाय सवयीने म्हणाला.

"जोरात बोल की! बापाचं नाव घ्यायला लाजतोस होय रे?" म्हातारे हसले.

एर्मेकने दोघांचे ऑब्जेक्ट केले. मी चढू लागलो. सातव्या पिढीत दोघांचा पूर्वज एकच निघाला आणि मी तसे सांगितले. खरे तर तालायसाठी तो आठवा होता. तो तोक्तोसूनचा थोरला नातू; त्याच्या जन्मदात्याची, म्हणजे तोक्तोसूनच्या मुलाची, माइरामबेकची, पिढी मधून गळली होती.

"झालं तर मग," बुरुलचे काका म्हणाले. "मशीन कुणाची भीड धरत नाही."

"तालाय, अरे बोल ना काहीतरी!" बुरुल म्हणाली.

तालायला चूक कळली होती. दारात मान खाली घालून उभ्या असलेल्या माइरामबेकलाही कळली होती. पण ती सांगायची म्हणजे म्हाताऱ्यासमोर म्हणायचे, तुम्ही माझे बाप नाही. म्हाताऱ्याने तालायच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे पोरा. तुझा बाप अजून जिवंत आहे. दुसरी बघू."

तालायने त्या हातावर आपला हात ठेवला.

बुरुलला दूर तलासच्या एका घरात दिली. पुढच्या हिवाळ्यात तोक्तोसून गेले. आमच्याकडे बापासाठी मुलगा रडतो तसा तालाय दाराबाहेर उभा राहून त्यांच्यासाठी रडला. दिवसकार्य झाल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि वडिलांच्या जागी त्याने माइरामबेकचे नाव घातले. मी पुन्हा चढलो. सात पिढ्यांत कुणीच सापडले नाही. 'लग्नाला हरकत नाही,' मी लिहिले. ते तो कितीतरी वेळ वाचत राहिला.

मित्रांनो, दुसऱ्याने घडवलेला क्लास जरूर वापरा. पण आधी तो उघडून वाचा. आणि कुणाला त्याच्या बापाचे नाव विचारायचे असेल, तर त्याच्या शेजारी कोण बसले आहे तेही बघा. त्याला जरा बाहेर न्या, आणि मग विचारा.