चुलत बहिणीची खोली

मी बोलतोय, सोलमधल्या एका विद्यापीठामागच्या चढावरचा, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. या, बसा. बूट तेवढे दाराशी काढा.

मला बांधलं बोंग आजोबांनी. आयुष्यभर सुकी मासळी विकलेला माणूस. विद्यार्थी म्हणजे दर मार्चला, कॉलेजं उघडली की, न पेरता उगवणारं पीक, असा त्यांचा हिशेब. तो कधी चुकला नाही. ते गेले, आता तळमजल्यावर बोंग आजी एकट्या असतात. दुसऱ्या कुणाला परस्पर ठेवायचं नाही, एवढीच त्यांची अट. आणि नवीन माणूस आला की त्याच्या सात पिढ्या विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

युन सेरिन नावाची मुलगी माझी भाडेकरू होती. गोड बोलणारी, भांडी मात्र तीन-तीन दिवस तशीच ठेवणारी. तिला मध्येच परदेशात नोकरी लागली आणि करार उरला फेब्रुवारीपर्यंतचा. तिने मला गुपचूप ह्येजू नावाच्या मुलीला दिलं, तेही वर चार पैसे कमावून. शिवाय मोठ्या खोलीत स्वतःचं सामान कोंबून कुलूप लावलं. भाडं दोन खोल्यांचं, राहायला एक.

"तूही युन, मीही युन," सेरिनने तिला पढवलं. "कुणी विचारलं तर चुलत बहीण म्हणायचं. झालं."

ह्येजूला शिक्षकाच्या नेमणुकीची परीक्षा द्यायची होती, नोव्हेंबरअखेर. दोनदा थोडक्यात हुकलेली. तोवर शांत छप्पर हवं, बाकी तिला काही नको होतं. आल्या आल्या तिने माझ्या न्हाणीघरातली बुरशी घासून काढली. इतक्या वर्षांत कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आजींना जिन्यात भेटली तेव्हा सेरिनची चुलत बहीण म्हणून सांगितलं.

छुसोकचा सण आला. सगळी इमारत गावी गेली, ह्येजू अभ्यासाला राहिली. आजी तांदळाच्या गोड सोंगप्योनची थाळी घेऊन वर आल्या.

"पोरी, पूर्वजांच्या पूजेला नाही गेलीस?"

परीक्षा आहे, बाबाच राहा म्हणाले, असं तिने सांगितलं.

"बरं केलंस. तुम्ही युन कुठले गं?"

लहानपणापासून तिच्या आजोबांनी घोटून घेतलेलं उत्तर. तोंडातला घास गिळून, पाठ ताठ करून ती म्हणाली, "पाप्योंगचे, आजी. पस्तिसावी पिढी."

आजींचा हात थाळीवरच थांबला. इथे आडनावं मोजकी, म्हणून मूळ पुरुषाचं गाव विचारतात. गाव एक तर भाऊबंद, नाहीतर परके.

"सेरिन तर हेनामची. मग चुलत बहीण कुठून झालीस, आभाळातून पडलीस?"

ह्येजूने सगळं कबूल केलं. परीक्षेपर्यंत राहू द्या, एवढंच मागितलं. आजी उंबऱ्यावर टेकल्या. म्हणाल्या, सेरिनला फोन लाव, तिनेच ठेवलंय म्हणाली तर राहा तोवर.

पलीकडे सेरिनला आपली अनामत आठवली असावी.

"आजी, मी हिला फक्त झाडांना पाणी घालायला दाराच्या कुलपाचा नंबर दिला होता. ही राहतेय की काय तिथे?"

माझ्यात एकही झाड नव्हतं. आजींनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. थाळी उचलली आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या कुलपाचा नंबर बदलला.

ह्येजूने पुढे कुठे अभ्यास केला, परीक्षा दिली की नाही, मला ठाऊक नाही. फेब्रुवारीत सेरिन आली. अनामत पुरती परत मिळाली, वर आजींनी सुकवलेल्या पर्सिमन फळांची पिशवी हातात दिली. "साधी पोर, फसवलं तिने तुला," म्हणाल्या.

आता मी पुन्हा रिकामा आहे. तुम्ही बघायला आलात, आनंद आहे. ऊन चांगलं येतं, पाणी भरपूर. पण राहायचं तर स्वतःच्या नावाने राहा. उद्या तुमच्यावर वेळ आली, तर माझ्याकडून साक्ष मिळणार नाही. त्या दिवशी खोटं दोघींचं होतं आणि पिशव्या घेऊन चढ उतरली एकटी ह्येजू. मी नुसता उभा होतो.